एक तलवार, वर्णन वरीलप्रमाणे

पोलीस ठाण्यात आलेला माणूस लॉकअपकडे बघतो, साहेबांच्या केबिनकडे बघतो. मागच्या बाजूला एक बंद खोली असते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दार उघडलं की हातभट्टी, गंज, ओलं गोणपाट आणि उंदीर असा सगळा मिळून एक वास अंगावर येतो. ती मुद्देमालाची खोली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी चौदा वर्षं ती खोली सांभाळली. ठाण्याचं नाव सांगत नाही; तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. हुद्द्याने हवालदार, पण सगळ्यांसाठी मी ‘मुद्देमालवाल्या सावंतबाई’.

काम काय, तर गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू आली की तिला नंबर द्यायचा, लेबल लावायचं, लाखेचं सील करायचं, रजिस्टरला वर्णन लिहायचं आणि कोर्ट मागेल त्या दिवशी ती जशीच्या तशी हजर करायची. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे झुंजीचा कोंबडा मुद्देमाल म्हणून आला होता. पायाला लावलेलं लेबल तो दर दोन दिवसांनी खायचा. हापूसच्या चोरीतल्या पाच पेट्या आल्या, त्या मालकाला परत द्यायचा आदेश येईपर्यंत पंचनाम्यातले आंबे संपले आणि कोयी उरल्या. खटला निकाली निघाला की कोर्ट ठरवतं, वस्तू मालकाला द्यायची, सरकारजमा करायची की नाश करायची. नाशाचा आदेश आला की पंचांसमोर ती वस्तू संपवायची आणि रजिस्टरला लाल शाईने ‘नाश केला’ लिहून सही करायची. ती लाल सही करताना मला नेहमी बरं वाटायचं. एक ओळ मिटली, फळीवर जागा झाली.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी मोठी जाणकार होते असा गैरसमज नको.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. निकाली खटल्यांतल्या वीस हत्यारांचा नाश करायचा आदेश आला. सतरा कोयते आणि सुरे, एक गुप्ती, दोन तलवारी. हातखंब्याला हायवेच्या कडेला इक्बालभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आमची हत्यारं गॅस कटरने कापायचं काम नेहमी तेच करायचे. दिवस ठरला, वेळ अकराची. नोटीस फलकावर लावली, ज्या गावांतला मुद्देमाल होता तिथल्या पोलीस पाटलांना कळवलं.

त्या दिवशी सकाळी नऊला एक बाई ठाण्यात आल्या. सत्तरी ओलांडलेली, पांढरं सुती लुगडं नव्हे, व्यवस्थित इस्त्रीची निळी साडी, हातात कापडी पिशवी.

“सावंतबाई तुम्हीच ना? मी शालिनी जाधव. पालीच्या बाजूला शाळेवर होते, रिटायर झाले. आज तुम्ही आमची तलवार तोडणार, असं पाटील म्हणाले.”

मला केस आठवली. पालीच्या पुढच्या एका गावात गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, दोन घरांत वाद झाला होता. एकाने रागाच्या भरात माळ्यावरची तलवार काढून अंगणात नाचवली. कुणाला लागलं नाही, पण तलवार जप्त झाली. पुढे दोन्ही बाजूंनी मिटवून घेतलं.

“तो माझा पुतण्या,” बाई म्हणाल्या. “तलवार माझ्या बाबांची. ते महायुद्धात बर्मात होते, जमादार होते. जपान्यांनी हत्यारं खाली ठेवली तेव्हा बाबांच्या साहेबांनी त्यांना एक दिली.” पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला. टाइप केलेलं इंग्रजी पुसट झालं होतं, खाली सही होती. जमादार अमुक यांना एक जपानी तलवार घरी नेण्यास परवानगी आहे, एवढाच मजकूर.

“अहो बाई, मग अर्ज करायचात की. खटला संपून दोन वर्षं झाली.”

“कुठल्या तोंडाने करू? पुतण्याने कोर्टात सांगितलं, ही तलवार आमची नाहीच, कुठून आली ठाऊक नाही. बाबांची वस्तू त्याने भर कोर्टात नाकारली. त्या दिवसापासून मी त्याच्या घरची पायरी चढले नाही, आणि इथली पण नाही.” त्यांनी पिशवीतून तेलाची कुपी काढली. “मला ती परत नको. बाबा दर महिन्याला तिला तेल लावायचे. तोडायच्या आधी एकदा पुसून देते. माणूस गेला तरी त्याला आंघोळ घालतो आपण.”

नाशाच्या आधी पंचांसमोर सील उघडून मुद्देमाल पडताळायचाच असतो. दोन्ही पंच बाहेर चहा पीत होते. मी त्यांना आत बोलावलं आणि वीस नंबरचं गाठोडं टेबलावर घेतलं.

खरं सांगायचं तर नऊ वर्षं ते माझ्या ताब्यात होतं आणि मी ते एकदाही उघडलेलं नव्हतं. जुन्या मेणकापडात गुंडाळून, दोरी बांधून आलं तसंच फळीवर पडलं होतं.

आत चामड्याने मढवलेलं म्यान होतं. मुठीवर काळपट पट्टीची आडवीतिडवी गुंफण, आणि गुंफणीच्या फटींतून पांढरी, दाणेदार, खरखरीत कातडी दिसत होती. मी समुद्राकाठची, बंदरावर वाढलेली. ती कातडी पाकटाची, हे मला हात लावताच कळलं. इतक्या वर्षांत कितीतरी तलवारी पाहिल्या. लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायच्या, पत्र्याच्या, जत्रेतल्या. माशाच्या कातडीची मूठ असलेली एकही नव्हती.

जाधवबाईंनी म्यानातून पातं काढलं ते दोन्ही हातांनी, धार वर करून, हळूहळू. त्यावर जुनं ग्रीस घट्ट बसलं होतं. त्यांनी शिलाई मशीनचं तेल लावून मऊ कापडाने ते पुसत आणलं. मुळाशी तांब्याची एक कडी होती. तिथून टोकापर्यंत, धारेच्या जरा वर, एक धुरकट पांढरी नागमोडी रेघ उमटत गेली. भरती ओसरल्यावर वाळूवर राहते तशी. पुसली जाईल असं वाटलं, पण ती पोलादातच होती.

“मूठ निघते,” बाई म्हणाल्या. केसातला आकडा काढून त्यांनी मुठीतली बारीक बांबूची खुंटी दाबून बाहेर ढकलली. मूठ सरकली. आतल्या तपकिरी लोखंडावर वरून खाली चित्रांसारखी अक्षरं कोरलेली होती. मी कापड पुढे केलं तसा त्यांनी माझा हात धरला. “हे नाही पुसायचं. बाबांनी कधी पुसू दिलं नाही. म्हणायचे, त्या साहेबाने सांगितलंय, इथला गंज म्हणजे तिचा जन्मदाखला.”

एका पंचाने चहाचा कप खिडकीत ठेवला.

देवळातल्या मूर्तिचोरीच्या एका खटल्यात पुरातत्त्व खात्याच्या एक मॅडम साक्षीला आल्या होत्या. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी पात्याचे, अक्षरांचे, त्या कागदाचे फोटो काढून त्यांना पाठवले. खाली लिहिलं, “मॅडम, आज अकरा वाजता कापणार आहेत. काय करू?” एकच टिक आली. फोन लावला, बंद.

साडेदहाला साहेब आले. आमचे इन्स्पेक्टर, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कामाला चोख.

“चला सावंतबाई. बारा वाजता मला बंदोबस्ताला पोचायचंय.”

“साहेब, वीस नंबरची तलवार फार जुनी वाटते. जपानी आहे. एकदा तपासून…”

“तुमच्या खोलीत सगळंच जुनं आहे. आदेश मात्र नवीन आहे.” ते रागाने बोलले नव्हते. “कोर्टाने नाश करा म्हटलंय. जुनं असेल तर ठेवा असं म्हटलंय का?”

म्हटलं नव्हतं. मी मूठ परत बसवली, तलवार म्यानात घातली आणि गाडीत चढले. जाधवबाई आपल्या रिक्षाने मागून येत होत्या. वाटेत मी मांडीवर फोन धरून बसले होते. वळणावळणाला रेंज जात होती, येत होती. एक टिक तशीच.

इक्बालभाईंनी सिलेंडर लावून ठेवले होते. मी यादी घेऊन उभी राहिले. एक एक नंबर वाचायचा, पंचांना वस्तू दाखवायची, इक्बालभाईंनी कापायची, तुकडे बादलीत. तलवारी यादीत शेवटी होत्या, ते माझं नशीब. मी सावकाश वाचायला लागले. लांबी, रुंदी, मुठीचा रंग, लेबलावरची जुनी सही, सगळं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

“बाई, आज काय पारायण आहे का?”

बाराव्या कोयत्यापर्यंत सव्वाअकरा झाले. गुप्ती कापली तेव्हा साडेअकरा. जाधवबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. ट्रक गेला की धूळ अंगावर येत होती, पण त्या आत आल्या नाहीत आणि मागेही सरल्या नाहीत. फोन माझ्या हातात घामाने ओला झाला होता.

“अनुक्रमांक एकोणीस,” मी वाचलं. “एक तलवार, पाते गंजलेले, मूठ लोखंडी, मुठीस वाटीसारखी गोल चकती.” इक्बालभाईंनी ती मधोमध कापली. लाल झालेलं टोक टणकन फरशीवर पडलं.

“अनुक्रमांक वीस. एक तलवार. वर्णन…”

आणि मी थांबले.

रजिस्टरला मी लिहिलं होतं, ‘एक तलवार, वर्णन वरीलप्रमाणे’. नऊ वर्षांपूर्वी, एकाच दिवशी तीन गुन्ह्यांचा मुद्देमाल आला होता. संध्याकाळ झाली होती, मुलीला ताप होता, मला घरी जायचं होतं. मी गाठोडं उघडलंच नाही. कोर्टातही ते सीलबंदच गेलं आणि आलं. वरच्या ओळीत तलवार होती, खालीही तलवार, म्हणून ‘वरीलप्रमाणे’. आमच्या यादीवरूनच कोर्टाचा आदेश निघाला होता. म्हणजे आदेशात जी तलवार कापायची होती तिची मूठ लोखंडी होती.

इक्बालभाईंनी तोवर तलवार म्यानातून काढून लोखंडी घोडीवर ठेवली होती. त्यांनी ती जरा तिरकी करून उजेडात धरली. “ह्या काय साधं लोखंड न्हाय, बाई,” ते हळूच म्हणाले. “कापू का?”

“कापा,” साहेब म्हणाले. “उशीर होतोय.”

कटरची निळी ज्योत पेटली. मला पोलादातलं फारसं कळत नाही, पण माझा आत्ये-सासरा कोयते करायचा. धारेला एकदा जाळ लागला की तिचं पाणी उतरतं, मग ते परत चढत नाही, हे त्याच्याकडून ऐकलेलं होतं. ज्योत पात्यापासून वीतभर अंतरावर आली.

बोलले तर काय होईल ते मला नीट ठाऊक होतं. मुद्देमाल न बघता नोंद केली, हा साधा दोष नाही. चौकशी लागते. आठ महिन्यांवर निवृत्ती असताना चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकतात. बत्तीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक वाकडी ओळ नव्हती, आणि ते मी लोकांना न विचारता सांगत असे. गप्प बसले असते तर ती चूक कुणालाही कधीच कळली नसती. तलवारीबरोबर तीही कापली गेली असती.

“थांबा!” मी ओरडले. आवाज इतका मोठा निघाला की पंच दचकले. “इक्बालभाई, बंद करा ते.”

त्यांनी लगेच ज्योत विझवली. साहेब वळले.

“साहेब, ही आदेशातली वस्तू नाही. आदेशात मूठ लोखंडी आहे. ही लाकडाची, वर पाकटाची कातडी. वर्णन जुळत नाही. जुळत नसेल तर नाश करता येत नाही.”

साहेबांनी यादी माझ्या हातातून घेतली. वाचली. तलवारीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“ही नोंद कुणाची?”

“माझी.”

“वस्तू न बघता केलेली?”

“हो.”

“हे लेखी द्यावं लागेल, सावंतबाई. तुमच्या सहीने. कळतंय ना काय लिहिताय?”

“कळतंय, साहेब.”

वेल्डिंगच्या टेबलावरच्या कानशी आणि नट बाजूला सारून मी तिथेच लिहिलं. पहिला कागद चुकला, तो फाडावा लागला. ‘सदर मुद्देमालाची नोंद मी प्रत्यक्ष पाहणी न करता केली असून…’ पंचांनी खाली सह्या केल्या. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाता जाता म्हणाले, “गाडीत मागच्या सीटवर ठेवा ती. आडवी. हादरे लागू देऊ नका.” तेव्हा मला कळलं की त्यांनाही ती कापायची नव्हती. त्यांना कारण हवं होतं, आणि ते देणारी मी एकटीच होते.

जाधवबाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, “दिसलं मला. ज्योत विझलेली दिसली.” आणि रिक्षाचा दांडा धरून खाली बसल्या.

मॅडमचा फोन आला सव्वाबाराला. त्या विमानात होत्या. “सांगा, कापली नाही ना? आता कुणी हात लावू नका. घामाच्या हाताने तर अजिबात नाही. त्यावर वाकून बोलू पण नका.” तिसऱ्या दिवशी त्या भिंग, पांढरे हातमोजे घेऊन हजर झाल्या. मुद्देमालाच्या त्या वासाच्या खोलीत तीन तास बसल्या. घडवणाऱ्या लोहाराचं नाव, त्याचा प्रांत, सगळं त्या अक्षरांत होतं. त्यांच्या अंदाजाने पातं चारशे वर्षांच्या पलीकडचं. म्यान आणि मूठ लष्करी, पण पातं घराण्यातलं. लढाईवर जाताना तिकडचे अधिकारी घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून न्यायचे, असं त्यांनी समजावून सांगितलं. युद्धानंतर अशी पाती जगभर पांगली. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनाच ठाऊक नसतं.

पुढे जाधवबाईंचा अर्ज, तो इंग्रजी कागद, मॅडमचा अहवाल असं सगळं कोर्टापुढे गेलं. नाशाचा आदेश रद्द झाला. तलवार बाईंच्या ताब्यात द्यायला कुणाची हरकत नव्हती, पण त्यांनी ती एका सरकारी संग्रहालयाला दिली. अट एकच, पाटीवर बाबांचं नाव हवं. पुतण्या तलवार देण्याच्या दिवशी मुंबईहून आला होता. तो लांब उभा होता. बाईंनी त्याला हाक मारून फोटोत घेतलं.

माझी चौकशी झाली. सेवापुस्तकात ठपका आला. त्याच महिन्यात वरिष्ठांनी प्रशंसापत्रही दिलं. दोन्ही कागदांवर सही एकाच साहेबांची. मी ते दोन्ही जपून ठेवलेत, पाहुण्यांना प्रशंसापत्र दाखवते.

इथे संपवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तपासणीच्या दिवशी जाताना मॅडमनी सहज विचारलं होतं, “बाई, अशी दुसरी कधी आली होती का तुमच्याकडे?” आणि मी “नाही” म्हणणार, तेवढ्यात तिथे आलेल्या जाधवबाई म्हणाल्या, “बाबांच्या बरोबर सुर्वे म्हणून होते, अंजनवेलचे. त्यांना पण मिळाली होती एक.”

मी घरी आले आणि मला झोप लागेना. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं गुहागरच्या बाजूला गेली. तिथेही मी मुद्देमालाच्या खोलीत मदतनीस होते. एकदा विनापरवाना हत्यारं आणून द्या, अशी सूचना गावोगाव फिरली होती. लोक घाबरून काय काय आणून टाकत होते. त्यात अंजनवेलच्या एका घरातून कुणीतरी वाकडी तलवार आणून दिली. महिन्याभरात त्या ढिगाचा नाश झाला. रजिस्टरला लाल सही माझ्या हाताची होती.

निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी आणि जाधवबाई अंजनवेलला गेलो. गोपाळगडाच्या खालच्या अंगाला सुर्व्यांचं घर. मुलगा, वसंत सुर्वे, स्वतःच ऐंशीच्या घरात. आयुष्य बोटीवर काढलेलं. आम्ही ओटीवर बसलो. सुनेने कोकम सरबत दिलं. मी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरले.

“काका, तुमच्या वडिलांची तलवार माझ्यासमोर कापली गेली. कागदावर सही माझी आहे. ती मोलाची होती, मला कळलं नाही. हे सांगायला आले.”

त्यांनी सरबताचा पेला ओटीच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, “माज्या भावान नेऊन दिलान ती. मी बोटीवर होतो. आल्यावर कळला.” पुढे म्हणाले, “बाबा आमाला हात लावू देत नव्हते. मी ती म्यानाच्या बाहेर कधी बघितलीच नाय. तुमी बघितलीत ना? कशी होती, सांगा बगू.”

ते माझ्याकडे वळून, नीट मांडी घालून बसले. लहान मुलं गोष्ट ऐकायला बसतात तसे.

मी आठवायला लागले. दुपार आठवली, ढीग आठवला, माझ्यासोबतच्या शिपायाने केलेला विनोद आठवला. वस्तूंची संख्या आठवली. पात्याच्या मुळाशी तांब्याचं काहीतरी चमकलं होतं, तेवढं आठवलं. मी ते सांगितलं.

“अजून?” सुर्वेकाकांनी विचारलं.

“अजून काही मी बघितलं नव्हतं,” मी म्हणाले.